चारमजली अपूर्णांक: पद्धत कुठली हा प्रश्नच नाहीये, काटाकाट कुठे करायची हा आहे

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले, कारण अकरावीची नवी बॅच सुरू झाली की पहिल्या महिन्यात हाच प्रश्न कुठले ना कुठले आईवडील मला विचारतातच. मी आठवी ते बारावीच्या मुलांना पंचवीस वर्षं गणित शिकवतेय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, चालवून घ्या.

तुम्ही लिहिलंय की मुलगा अकरावी सायन्सला आहे, दहावीला गणितात मार्क चांगले होते, पण आता अपूर्णांकाच्या आत अपूर्णांक आला की त्याची गडबड होते. शाळेतल्या सरांनी वरचा भाग वेगळा, खालचा भाग वेगळा सोडवायचा आणि मग खालचा उलटा करून गुणायचा असं शिकवलंय. क्लासमध्ये मात्र सगळ्या छोट्या छेदांचा लसावि काढून वर-खाली एकदम गुणा असं सांगितलंय. तर बरोबर पद्धत कुठली, आणि त्याने आठवीपासून सगळं परत करायचं का, असे तुमचे दोन प्रश्न. सोबत त्याचं गणित दिलंय:

(१ − ९/क्ष²) / (१ − ५/क्ष + ६/क्ष²)

पुस्तकातलं उत्तर (क्ष + ३)/(क्ष − २) आणि त्याचं उत्तर ९/(५क्ष − ६).

आधी एक सांगते, दोन्ही पद्धती बरोबर आहेत. आणि तुमच्या मुलाची चूक पद्धतीत झालेलीच नाहीये. त्याने क्लासची पद्धत वापरली, छोटे छेद क्ष आणि क्ष², त्यांचा लसावि क्ष², त्याने वर-खाली गुणलं आणि (क्ष² − ९)/(क्ष² − ५क्ष + ६) इथे अगदी नीट पोचला. म्हणजे जो भाग अवघड समजला जातो तो त्याने बरोबर केलाय हो! पुढच्या ओळीत त्याने वरचा क्ष² आणि खालचा क्ष² काटला, राहिलं −९ आणि −५क्ष + ६, मग उणे चिन्ह वर-खाली बदललं आणि ९/(५क्ष − ६) लिहिलं. सरांच्या पद्धतीने केलं असतं तरी (क्ष² − ९)/क्ष² आणि (क्ष² − ५क्ष + ६)/क्ष² असे दोन भाग आले असते, उलटं करून गुणल्यावर याच ओळीवर आला असता आणि याच ओळीवर घसरला असता. म्हणून म्हणते, पद्धतीच्या वादात पडू नका, त्याचा खरा प्रश्न काटाकाटीचा आहे.

आता काटणं म्हणजे नक्की काय ते त्याला आकड्यांत दाखवा. (६ × २)/(६ × ४) यातला ६ काटला तर २/४, बरोबर, कारण १२/२४ म्हणजे अर्धाच. पण (६ + २)/(६ + ४) म्हणजे ८/१०, यातला ६ काटला तर २/४ येतं आणि ते साफ चूक. फरक फक्त गुणिले आणि अधिकचा. काटणं म्हणजे वर आणि खाली एकाच गोष्टीने भागणं, आणि भागायचं तर अख्ख्या अंशाला आणि अख्ख्या छेदाला, त्यातल्या एका पदाला उचलून नाही.

मी मुलांना इथे एक गोष्ट करायला लावते, तुमच्या मुलालाही करू दे. त्याला सांगा, तुला क्ष² ने भागायचंच आहे ना, भाग, पण प्रत्येक पदाला भाग. क्ष² ला क्ष² ने भागलं की १, ९ ला भागलं की ९/क्ष², खाली १ − ५/क्ष + ६/क्ष². आणि मग त्याने वर बघावं, हे तर मूळ गणितच आहे! म्हणजे क्ष² ने प्रामाणिकपणे भागलं की आपण जिथून निघालो तिथेच परत येतो. हे स्वतःच्या हाताने एकदा लिहून पाहिलं की मूल पुढच्या वेळी क्ष² वर काट मारताना थांबतं, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. नुसतं 'पदं काटायची नाहीत' असं दहा वेळा ओरडून सांगितलं तर तेवढा उपयोग होत नाही.

मग पुढे जायचं कसं, तर अवयव पाडून. क्ष² − ९ = (क्ष − ३)(क्ष + ३), आणि क्ष² − ५क्ष + ६ = (क्ष − २)(क्ष − ३). आता वर गुणाकार, खाली गुणाकार, (क्ष − ३) हा अख्खा कंस दोन्हीकडे आहे, तो काटा, राहिलं (क्ष + ३)/(क्ष − २). माझ्या क्लासमध्ये नियम एवढाच आहे की काट कंसावर मारायची, कंसाच्या आत पेन घालायचं नाही. एकटंच पद असेल, म्हणजे ५क्ष किंवा क्ष², तर तोही एक कंसच समजा, पण त्याच्या शेजारी अधिक-उणे आलं की तो एकटा राहिला नाही.

दुसरी गोष्ट रेघेची. मी इथे टाइप करताना कंस वापरतेय कारण आडवी रेघ ओढता येत नाही, पण वहीत मुलं रेघा ओढतात आणि तिथे फार गोंधळ होतो. १२/६/२ म्हणजे किती? आधी १२/६ करून २ ने भागलं तर १, आणि १२ ला (६/२) ने भागलं तर ४. आकडे तेच, उत्तर चौपट! वहीत हे ठरतं फक्त कुठली रेघ मोठी यावरून. मुलांच्या वह्या बघा, तिन्ही रेघा एकाच लांबीच्या, बरोबरचं चिन्ह कुठेतरी मधल्या छेदाच्या समोर, आणि पुढच्या ओळीत पोरगं स्वतःच विसरतं की मुख्य रेघ कुठली होती. मी काय करायला लावते, तर गणित उतरवताना सगळ्यात आधी बरोबरचं चिन्ह लिहायचं, त्याच्या अगदी समोर पट्टीने एक लांब रेघ मारायची, आणि मग तिच्या वर आणि खाली बाकीचं भरायचं, छोट्या रेघा तिच्या निम्म्याने. ही मोठी रेघ म्हणजे भागिलेचं चिन्ह तर आहेच, पण त्याबरोबर वरच्या सगळ्याला एक कंस आणि खालच्या सगळ्याला एक कंस, हे तिने न लिहिता सांगितलेलं असतं. निम्म्या चुका हा कंस दिसत नाही म्हणून होतात असं माझं मत आहे.

एक मजेची गोष्ट, आपल्याकडे पूर्वी ही रेघच नव्हती. अंश वर आणि छेद खाली असं लिहायचे, मधे काही नाही, रेघ अरबी गणितींनी आणली. पण उलटं करून गुणायचा नियम मात्र आपल्याकडे पक्का होता, भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत तो सांगितलाय, भाजकाचे अंश आणि छेद यांची अदलाबदल करा आणि मग गुणाकारासारखं करा. तेव्हा सरांची पद्धत चांगली साडेआठशे वर्षांहून जुनी आहे, तिला कमी समजू नका :)

आता कुठली पद्धत केव्हा वापरायची ते सांगते, कारण हे गणित बघून ठरतं, एकच एक उत्तर नाही. वर आणि खाली बेरीज-वजाबाकी असेल आणि छोटे छेद साधे असतील तर मी लसाविनेच गुणते, वेळ निम्मा लागतो. आकड्यांतलं उदाहरण घ्या. पुण्याहून साताऱ्याला ताशी ६० ने गेलात आणि त्याच रस्त्याने ताशी ४० ने परत आलात, तर सरासरी वेग किती? बहुतेक मुलं ५० म्हणतात. पण एकूण अंतर भागिले एकूण वेळ करायचं, आणि अंतर कितीही असलं तरी ते उडून जाऊन हे उरतं: २/(१/६० + १/४०). लसावि १२०. वर २ × १२० = २४०, खाली १२०/६० = २ आणि १२०/४० = ३, बेरीज ५. २४०/५ = ४८. छोटे अपूर्णांक एका ओळीत गायब झाले. अक्षरांत लिहिलं तर २/(१/अ + १/ब) = २अब/(अ + ब), पायऱ्या अगदी त्याच. वर-खाली १२० ने गुणणं चालतं कारण १२०/१२० म्हणजे १, आणि १ ने गुणून काही बदलत नाही. वर-खाली तीच संख्या मिळवणं किंवा वर-खाली वर्ग करणं चालत नाही, हे पण त्याला विचारून बघा का ते.

याउलट वर एकच अपूर्णांक आणि खाली एकच अपूर्णांक असा तयार माल असेल तर लसावि काढत बसायची काही गरज नाही. उदाहरणार्थ वर (क्ष² − ४)/(क्ष + ३) आणि खाली (क्ष − २)/(क्ष² − ९). इथे सरळ खालचा उलटा करा, अवयव पाडा, (क्ष − २)(क्ष + २)/(क्ष + ३) गुणिले (क्ष − ३)(क्ष + ३)/(क्ष − २), आणि कंस काटले की (क्ष + २)(क्ष − ३). दोन ओळी. इथे लसाविने केलं तरी उत्तर तेच येईल, फक्त उगाच मोठमोठे गुणाकार दिसतील आणि मूल घाबरेल.

अकरावीत मात्र एक प्रकार असा येतो की तिथे मी लसाविचाच आग्रह धरते, तो म्हणजे डेरिव्हेटिव्ह (म्हणजे बदलाचा दर) फर्स्ट प्रिन्सिपलने, म्हणजे थेट व्याख्येवरून, काढताना १/क्ष घेतात तो. यात ह म्हणजे क्ष मधला छोटासा बदल. (१/(क्ष + ह) − १/क्ष) / ह. यात मुलं दोन ठिकाणी हमखास पडतात. लसावि क्ष(क्ष + ह). त्याने वरच्या पहिल्या पदाला गुणलं की क्ष, दुसऱ्याला गुणलं की (क्ष + ह), म्हणजे वर क्ष − (क्ष + ह). इथे कंस टाकला नाही तर क्ष − क्ष + ह = ह होतं आणि अख्ख्या उत्तराचं चिन्ह उलटं. कंस टाकला तर −ह. दुसरी चूक खाली. खालच्या ह ला छेद दिसत नाही म्हणून मुलं त्याला लसाविने गुणतच नाहीत, नुसता ह ठेवतात. अपूर्णांक नसला तरी मोठ्या रेघेखाली आहे ना, मग गुणायचाच, तो होतो ह·क्ष(क्ष + ह). आता वर −ह, खाली ह हा गुणाकारातला अवयव, काटला, राहिलं −१/(क्ष(क्ष + ह)). मग ह शून्याकडे गेला की −१/क्ष². तुमच्या मुलाला हे पुढच्या काही महिन्यांत येणारच आहे म्हणून आत्ताच लिहिलं, पाया इथे कच्चा राहिला तर तो म्हणेल मला डेरिव्हेटिव्ह जमत नाही, आणि जमत नसतो तो अपूर्णांक.

फिजिक्समध्ये पण हेच. विजेचे रोध (रेझिस्टन्स) समांतर जोडले की, र म्हणजे एकूण रोध धरला तर, १/र = १/र१ + १/र२, म्हणजे र = १/(१/र१ + १/र२). ६ ओहम आणि ३ ओहम समांतर जोडले तर मुलं घाईत ९ लिहितात, कारण त्यांना वाटतं दोन्ही उलटे केले आणि परत उलटं केलं म्हणजे साधी बेरीज झाली. नाही, बेरीज उलटी करणं म्हणजे प्रत्येक पद उलटं करणं नव्हे. लसावि ६ ने गुणा, ६/(१ + २) = २ ओहम. घात −१ लिहून विचारलेली गणितं असतात, अ चा घात −१ अधिक ब चा घात −१ आणि सगळ्याचा परत घात −१, ती पण हीच, उत्तर अब/(अ + ब).

मजले जास्त असतील तर घाई न करता खालून वर या. १ + १/(१ + १/क्ष) घ्या. सगळ्यात खाली १ + १/क्ष = (क्ष + १)/क्ष. ते उलटं झालं क्ष/(क्ष + १). त्यात १ मिळवला, (२क्ष + १)/(क्ष + १). इथे सगळ्याचा एकदम लसावि काढायला गेलं तर कुठला छेद कुठल्या मजल्यावर आहे तेच कळेनासं होतं, म्हणून इथे सरांचीच पद्धत, एकेक मजला उतरवत.

आणि याच उदाहरणावरून आणखी एक, जे बोर्डाच्या परीक्षेत कधी विचारतात कधी नाही पण माहीत पाहिजेच. (२क्ष + १)/(क्ष + १) मध्ये क्ष = ० ठेवलं तर उत्तर छान १ येतं, पण मूळ गणितात १/क्ष आहे, तिथे ० चालतच नाही. सोपं रूप आल्यावर बंदी दिसेनाशी होते, उठत नाही. तुमच्या मुलाच्या गणितात ० चालत नाही, २ चालत नाही, आणि ३ पण चालत नाही जरी अंतिम उत्तरात (क्ष − ३) दिसत नसलं तरी, कारण मूळ छेद ३ ला शून्य होतो. म्हणून गणित सुरू करतानाच समासात लिहून ठेवायचं क्ष कोण नाही ते, आणि पुढे काटाकाटीत नवीन कंस छेदात दिसला की त्यात भर घालायची. ही बंदी अकरावीला लिमिट शिकताना एकदम महत्त्वाची होते, तिथे ३ च्या अगदी जवळ गेल्यावर नक्की काय होतं हाच तर प्रश्न असतो.

आता सगळ्यात कामाची सवय. उत्तर आलं की एक आकडा ठेवून बघायचा, अर्धा मिनिट लागतो. तुमच्या मुलाच्या गणितात क्ष = ५ ठेवा. वर १ − ९/२५ = १६/२५, खाली १ − १ + ६/२५ = ६/२५, भागाकार १६/६ म्हणजे ८/३. पुस्तकातलं उत्तर (५ + ३)/(५ − २) = ८/३, जुळलं. त्याचं उत्तर ९/(२५ − ६) = ९/१९, नाही जुळलं. त्याला पुस्तकाचं शेवटचं पान उघडायची गरजच नव्हती. आकडा निवडताना ० आणि १ नको, कारण १ ने गुणलं भागलं तरी कळत नाही. २ पण शक्यतो टाळा, २ + २, २ × २ आणि २ चा वर्ग तिन्ही ४ येतात, त्यामुळे चूक लपून बसते. ३, ५, ७ बरे, पण बंदी असलेला आकडा सोडून, इथे ३ चालला नसता. आकडा जुळला म्हणजे शंभर टक्के बरोबर असं नाही म्हणता येत, पण जुळला नाही तर नक्की चूक आहे. मुख्य म्हणजे मूल स्वतःची चूक स्वतः पकडायला लागतं, दर वेळी 'मॅडम बरोबर आहे का' विचारत नाही.

परीक्षेनुसार थोडं बदलतं. बोर्डाला पायऱ्यांचे मार्क असतात, तिथे अवयव पाडलेली ओळ दिसलीच पाहिजे, मनात काटाकाट करून थेट उत्तर लिहू नये. सीईटीसारख्या परीक्षेत पर्याय समोर असतात, तिथे बिनधास्त क्ष = ५ ठेवून पर्याय तपासावेत, चुकीचे पर्याय पटापट गळतात. पण हे पायऱ्या जमल्यावर, आधी नाही, नाहीतर मुलं फक्त आकडे ठेवत बसतात आणि डेरिव्हेटिव्हला अडकतात.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, आठवीपासून सगळं परत करायचं का. माझं स्पष्ट मत, नाही. सगळं नको. आठवीच्या पुस्तकात बैजिक राशींचे अवयव आहेत आणि त्यात शेवटी गुणोत्तरीय बैजिक राशी आहेत, तेवढंच काढा, दोन रविवारचं काम आहे. नववीचं योग-वियोग क्रिया पण एकदा बघू दे, कारण (१/क्ष + १/य)/(१/क्ष − १/य) सारखी गणितं तिथूनच ओळखीची वाटायला लागतात, याचं उत्तर (य + क्ष)/(य − क्ष) येतं, खाली क्ष − य नव्हे, तिथे पण बरीच मुलं क्रम उलटा लिहितात. मग रोज तीनच गणितं, जास्त नको, पण प्रत्येकाला पट्टीने मोठी रेघ, समासात बंदी, आणि शेवटी आकडा ठेवून तपासणी. तुम्हाला गणित येत नसलं तरी तपासणी केली आहे की नाही एवढं तुम्ही बघू शकता, वहीत दिसतं ते. किती दिवसांत सुटेल ते मुलावर आहे, माझ्याकडे काही मुलांना आठवडा पुरलाय, काहींना दिवाळीपर्यंत लागलंय, पण दोन्ही प्रकारची मुलं बारावीला नीट पोचलीत.

आज रात्री त्याला हे एक द्या: वर क्ष/(क्ष − १) − १, खाली १ + १/(क्ष − १). दिसायला मोठं आहे पण (क्ष − १) ने वर-खाली गुणलं की वर क्ष − (क्ष − १), म्हणजे १ उरतो, खाली क्ष − १ + १, म्हणजे क्ष उरतो, उत्तर १/क्ष. हे उत्तर त्याला आधी सांगू नका. त्याने काढल्यावर विचारा, क्ष = १ चालेल का. १/क्ष कडे बघून तो चालेल म्हणाला तर त्याला परत मूळ गणितातल्या छेदांकडे बघायला सांगा, आणि काय म्हणाला ते इथे लिहा, मी वाट बघते.